ट्वायलाइट चांगली की फालतू? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मला ट्वायलाइट ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका आवडते हे मी एकदा ऑफिसात डबा खाताना चुकून बोलून गेले आणि तेव्हापासून माझी सुटका नाही. निम्मे लोक हसतात, निम्मे नंतर हळूच येऊन सांगतात की अगं मला पण आवडायची पण कुणाला बोलू नकोस. भाची विचारते, भाचीची आई विचारते, मैत्रिणीचा नवरा मुद्दाम चिडवायला विचारतो. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन. गोष्ट सगळी फोडलेली आहे हां, सस्पेन्स हवा असेल त्यांनी इथूनच परत फिरा.

हे आहे तरी काय, दोन मिनिटांत सांग

सतरा वर्षांची बेला स्वान फिनिक्सचं कडक ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. वडील चार्ली तिथले पोलिस चीफ. शाळेत तिच्या शेजारी बसतो एडवर्ड कलन, दिसायला सतरा, पण १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत मरता मरता रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर, झालेला, म्हणजे खरं वय शंभरच्या वर. त्याचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, जंगलातल्या जनावरांवर भागवतं, आणि स्वतःला चेष्टेने शाकाहारी म्हणवतं (आमच्या घरी हे वाचून बाबा जे हसले होते). एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त हिच्या नाही. मग प्रेम, मग भांडणं, मग जेकब ब्लॅक नावाचा लांडगा होणारा मुलगा, मग लग्न, मग बाळ. मूळ पुस्तकं चार: ट्वायलाइट २००५, न्यू मून २००६, इक्लिप्स २००७, ब्रेकिंग डॉन २००८. लेखिका स्टेफनी मेयर.

एवढं डोक्यावर कशामुळे घेतलं लोकांनी?

मेयरबाई तेव्हा अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या, तीन लहान मुलांची आई, आधी काही छापून आलेलं नाही. २ जून २००३ ला तिला स्वप्न पडलं, जंगलातल्या मोकळ्या गवतावर एक मुलगी आणि उन्हात चमकणारा एक रक्तपिपासू बोलत बसलेत, त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि त्याला तिचं रक्तही प्यायचंय. उठून तिने ते लिहून काढलं, पुस्तकात ते तेरावं प्रकरण आहे, आणि तीनेक महिन्यांत पूर्ण कादंबरी झाली. प्रकाशकाने तीन पुस्तकांसाठी साडेसात लाख डॉलर मोजले, नव्या लेखिकेला! पुढे मालिकेच्या दहा कोटींच्या वर प्रती खपल्या, आणि चौथा भाग आला तेव्हा अमेरिकेत पहिल्याच दिवशी तेरा लाख.

हे झालं आकड्यांचं. माझ्या मते खरं कारण त्या स्वप्नातच आहे. एकाच माणसाला तू हवीयेस आणि त्याच कारणाने तो तुझ्यासाठी धोका आहे, आणि तो सतत स्वतःला आवरतोय. सगळं पहिलं पुस्तक या आवरण्यावर चालतं. चारशे अठ्ठ्याण्णव पानांत होतं काय, तर दोन-चार चुंबनं आणि शेवटाकडे थोडी मारामारी. पण पंधरा-सोळाच्या वयात लॅबमध्ये शेजारी बसलेल्या मुलाचा हात आपल्या हातापासून किती इंचावर आहे हे ज्यांना नेमकं माहीत असायचं त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. बाकीच्यांना नाही कळणार, आणि चालेल.

पण रक्तपिपासू उन्हात चमकतो?? हिऱ्यासारखा??

हो बाबा, चमकतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी असं असतं की आता पकडलं हिला.

तर ऐका. उन्हाने रक्तपिपासू जळून जातो हा काही पुराणकाळचा नियम नाही. १८९७ च्या मूळ ड्रॅक्युला कादंबरीत तो काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, त्याच्या शक्ती दिवसा कमी असतात एवढंच. उन्हाने नाश होतो ही गोष्ट रूढ केली १९२२ च्या नोस्फेरातू या मूकपटाने. म्हणजे ज्या परंपरेचा मेयरने अपमान केला म्हणतात ती एका सिनेमावाल्याच्या डोक्यातून निघालेली. नियम सगळेच बदलतात. रिचर्ड बर्टनने तर १८७० साली आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाचा सरळ व्हॅम्पायर करून टाकला, आता आपला झाडाला लटकून कोडी घालणारा वेताळ कुणाचं रक्त पितो सांगा बरं.

तरी एक खरं, चमकणं मलाही पहिल्यांदा वाचताना जरा ज्वेलरीच्या दुकानासारखंच वाटलं होतं. माझा आक्षेप वेगळा आहे, उन्हाने याला त्रास काहीच होत नाही, फक्त लोकांना कळेल म्हणून लपायचं. रक्तपिपासू असण्यात तोटा कुठेच नाही, म्हातारपण नाही, झोप नाही, पैसा अमाप, गाड्या भारी. धारप-मतकरी वाचून मोठं झालेल्या माणसाला भीतीच वाटत नाही, आणि ती वाटावी म्हणून हे लिहिलेलंही नाही. ही प्रेमकथा आहे, भयकथा म्हणून हातात घेतलीत तर पैसे फुकट गेले असंच वाटणार.

लिखाण खरंच इतकं वाईट आहे का?

भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगने २००९ मध्ये एका मुलाखतीत हॅरी पॉटरवाली रोलिंग आणि मेयर यांची तुलना करताना सरळ सांगितलं की मेयरला लिहिता येत नाही. झालं, तेव्हापासून प्रत्येक जण हेच फेकून मारतो. आणि किंग म्हणजे आपल्याकडे किती घरचा माणूस, त्याच्याच रक्तपिपासूंच्या कादंबरीवरून नारायण धारपांनी लुचाई लिहिली, त्यामुळे त्याचं म्हणणं असं उडवूनही लावता येत नाही.

आणि तो पूर्ण चूक पण नाहीये. एडवर्डचा चेहरा किती देखणा, कातडी कशी संगमरवरी, डोळे कसे मधाच्या रंगाचे हे दर दोन पानांनी येतं, म्हणजे मला तोंडपाठ झालं तरी ती सांगायची थांबत नाही. संवाद पुष्कळ ठिकाणी गोल गोल फिरतात, तू माझ्यापासून लांब राहा, मी नाही राहणार, राहायला हवंस, नाही राहणार. संपादकाने कात्री लावली असती तर पहिला भाग शंभर पानांनी सहज कमी झाला असता.

पण आता माझी बाजू. मी मराठी मीडियमची. अकरावीला कॉलेजात गेले तेव्हा अचानक सगळं इंग्रजीत, वर्गातल्या कॉन्व्हेंटवाल्या पोरी धडाधड बोलायच्या आणि मी मागच्या बाकावर. त्याआधी दोन इंग्रजी कादंबऱ्या सुरू करून वीसाव्या पानावर सोडलेल्या, दर ओळीला डिक्शनरी. दिवाळीच्या सुट्टीत मावसबहिणीकडे ट्वायलाइट मिळाली आणि मी ती चार दिवसांत संपवली, आयुष्यातली पहिली इंग्रजी कादंबरी पूर्ण! वाक्यं साधी, शब्द परत परत तेच येतात म्हणून तिसऱ्यांदा आपोआप कळतात, सगळं मी-मी करून सांगितलेलं, आणि पुढे काय होणार ही ओढ अशी की अडलेला शब्द सोडून पुढे पळायचं. ज्या गोष्टींना लोक वाईट लिखाण म्हणतात ना, तेच ते विशेषणं घोळवणं वगैरे, त्याच्याच बोटाला धरून मी इंग्रजी वाचायला लागले. जेन ऑस्टेन मी नंतर वाचली, आणि वाचली ती बेला वाचते म्हणून वाचली. त्यामुळे भाषेच्या सौंदर्याला मी दहापैकी चार देईन आणि ओढून नेण्याला नऊ. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पण फार थोड्यांना जमते.

एडवर्ड रोमँटिक आहे की त्याच्यावर पोलिस कम्प्लेंट करायला पाहिजे?

दोन्ही. थांबा, नीट सांगते.

सोळाव्या वर्षी वाचलं तेव्हा तो रात्री तिच्या खोलीत खिडकीतून येऊन तिला झोपलेली बघत बसतो हे मला इतकं गोड वाटलं होतं की मी ते बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलेलं. तिशीत परत वाचलं आणि उठून खिडकीची कडी लावली. तोच परिच्छेद, तेच शब्द. मधल्या काळात मी लोकलने प्रवास केला, एकटी भाड्याने राहिले, एका मैत्रिणीला तिच्या प्रेमळ बॉयफ्रेंडपासून सोडवून आणलं, तो पण असाच, तू कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, काळजी वाटते म्हणून विचारतोय.

आणि यादी काही छोटी नाही. तिच्या नकळत तिचा पाठलाग करतो. तिसऱ्या भागात ती जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला पार्ट काढून ठेवतो. स्वतः गावाबाहेर जाताना बहिणीला, म्हणजे अ‍ॅलिसला, बेलावर पहारा ठेवायला सांगतो आणि त्याबद्दल तिला पिवळी पोर्शे गाडी घेऊन देतो, म्हणजे लाच पण साधी नाही. दुसऱ्या भागात तुझ्या भल्यासाठी म्हणून सोडून जातो, ते पण खोटं बोलून की मला तू नकोयस.

त्याच्या बाजूने एक सांगायला पाहिजे, तो सुधारतो, हे टीका करणारे बहुतेक वेळा विसरतात. इक्लिप्समध्येच पुढे तो स्वतः तिला जेकबकडे सोडायला जातो, माझं चुकलं म्हणतो. पण पुस्तक त्याच्या आधीच्या वागण्याला कधी वाईट म्हणतच नाही, नुसतं अतिकाळजी म्हणून सोडून देतं, आणि खरी गोची ती आहे. काल्पनिक हिरो कसाही असू दे, पण गोष्ट सांगणारीला त्यातलं चुकीचं दिसतंय का? मेयरला पुष्कळदा दिसत नाही असं माझं मत झालंय.

आणि बेला? तिला स्वतःचं काही आहे की नाही?

यावर भांडणं पाहिलीत मी. एक गट म्हणतो ती बिनचेहऱ्याची आहे म्हणून तर प्रत्येक मुलगी तिच्या जागी स्वतःला ठेवू शकते. दुसरा म्हणतो कॉलेज नको, मित्रमैत्रिणी नको, फक्त तो हवा, असली हिरोइन मुलींना कशाला द्यायची.

मेयरचं म्हणणं की बेला संकटात सापडते ती बाई म्हणून नव्हे, राक्षसांच्या घोळक्यातलं साधं माणूस म्हणून. ते दाखवायला तिने २०१५ मध्ये, पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, लाइफ अँड डेथ नावाने तीच गोष्ट मुलगा-मुलगी अदलाबदल करून लिहिली, बेलाचा बो झाला आणि एडवर्डची ईडिथ. वाचायला मजा येते. पण त्यात बो पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी रक्तपिपासू होऊन मोकळा होतो आणि बेलाला त्यासाठी चार पुस्तकं, लग्न आणि बाळंतपण काढावं लागतं. बाईंच्या लक्षात आलं असेल का हे? मला फार हसू आलं.

मला स्वतःला बेला आवडते. ती घरी येऊन बापासाठी स्वयंपाक करते, कपडे धुते, आईला सांभाळून घेते, आई जरा पोरकट आहे म्हणून लहानपणापासून हीच मोठी झालेली. घरातली मोठी मुलगी असलेल्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा कुणीतरी आपली काळजी करतंय याचं एवढं वेड का लागतं. हे पुस्तकात आहे, फक्त मेयर त्याच्यावर थांबत नाही, लगेच एडवर्डच्या डोळ्यांकडे वळते.

न्यू मूनमध्ये मधली पानं कोरी आहेत, माझी कॉपी खराब आहे का?

नाही नाही नाही! माझी यावरून नाचक्की झालेली आहे. एडवर्ड सोडून जातो आणि मग एकेका पानावर फक्त महिन्याचं नाव, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बाकी काही नाही. माझी कॉपी फूटपाथवरून घेतलेली, पायरेटेड, त्यामुळे मी छातीठोकपणे परत गेले की काका छपाई गंडलीय, बदलून द्या. काकांनी निमूटपणे दुसरी कॉपी उघडली, तिसरी उघडली, सगळ्यांत तेच. मग मलाच म्हणाले, पोरी, त्या मुलीचे चार महिने तसेच गेले असतील.

त्या माणसाने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

तर ती पानं मुद्दाम आहेत, आणि मेयरला लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांना मी पहिली तीच दाखवते. न्यू मून बऱ्याच जणांना रटाळ वाटतो कारण हिरो जवळपास गायबच आहे, मला तो नंतर नंतर सगळ्यात खरा वाटायला लागला. फक्त बेलाचं कड्यावरून उडी मारणं, मुद्दाम धोक्यात जाणं, कारण त्यावेळी तिला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, हे जरा जपून. मन आधीच खचलेलं असेल तर हा भाग नंतर वाचा.

टीम एडवर्ड की टीम जेकब?

अकरावीत एडवर्ड. बारावीत जेकब. आता टीम चार्ली, बिचारा शिफ्टवरून येतो, टीव्हीवर मॅच लावतो, मुलीच्या आयुष्यात काय चाललंय त्याला पत्ता नाही आणि तरी जमेल तसं प्रेम करतो.

जेकबबद्दल एवढंच, दुसऱ्या भागातला जेकब, गॅरेजमध्ये जुन्या बाइक दुरुस्त करत बेलाला हसवणारा, तो मालिकेतला सगळ्यात जिवंत मुलगा आहे. तिसऱ्या भागात लेखिकेनेच त्याची माती केली. तो बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो, आणि चार्ली, पोलिस चीफ आणि सख्खा बाप, त्या पोराला शाबासकी देतो! टीम चार्लीवाल्यांना पण तिथे मान खाली घालावी लागते.

ते लांडगे होणारे आदिवासी खरे आहेत का?

लोक खरे, लांडगे काल्पनिक. क्विलीयूट ही वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरची खरी जमात आहे, ला पुश हे त्यांचं खरं गाव, फोर्क्सपासून पंधरा मैलांवर. लांडग्यांपासून आपण माणसं झालो अशी त्यांची उत्पत्तीची कथा आहे, पण रक्तपिपासूंशी वैर, करार, रागावलं की अंगावर केस येणं हे सगळं मेयरने रचलेलं. त्यांना आधी विचारलंही नव्हतं. टी-शर्ट, दागिने, टूर, सगळ्या जगाने त्यांच्या नावावर धंदा केला आणि ते बसले एक चौरस मैलाच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, तेही समुद्राच्या अगदी तोंडाशी, त्सुनामीच्या पट्ट्यात. उंचावर सरकायला जागा मिळावी म्हणून त्यांची मागणी किती वर्षांची, शेवटी २०१२ मध्ये कायदा होऊन नॅशनल पार्कातली सुमारे ७८५ एकर जमीन त्यांना मिळाली.

हे मला पुस्तकं वाचून बरीच वर्षं झाल्यावर कळलं आणि खरं सांगते, मालिकेवरचा सगळ्यात जड आक्षेप माझ्यासाठी हाच आहे. चमकणं, विशेषणं, सगळं सोडून देता येतं. पण जिवंत माणसांची श्रद्धा उचलायची, त्यात आपल्या पदरचं घालायचं आणि त्यांच्या मुलांना रागीट, अंगावर शर्ट नसलेले, ताबा सुटणारे दाखवायचं, आणि शेजारीच गोरे कलन कसे संयमी, श्रीमंत, सुसंस्कृत. लांडग्यांचा म्होरक्या सॅम, त्याचा एकदा ताबा सुटला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा, एमिलीचा, चेहरा कायमचा विद्रूप झाला, ते पुस्तकात कसं येतं तर केवढं हे प्रेम! आपल्या एखाद्या पाड्यावरच्या देवाची गोष्ट घेऊन परदेशात कुणी असं केलं असतं तर आपण केवढा दंगा केला असता.

चौथा भाग वाचावा का?

तुमच्या जबाबदारीवर. साडेसातशे पानं. लग्न छान, हनिमून ब्राझीलजवळच्या बेटावर, मग बेलाला दिवस जातात आणि तिथून पुढे गाडी रुळावरून उतरते ती उतरतेच. पोटातलं बाळ आतून तिच्या फासळ्या मोडतं, ती कपात स्ट्रॉ घालून रक्त पिते, एडवर्ड दातांनी सिझेरियन करतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, असंच आहे. बाळाचं नाव रेनेस्मी, दोन्ही आज्यांची नावं जोडून, रेने आणि एस्मी. आपल्याकडे पण असली जोडनावं ठेवतात पण इतकं कुणी केलं नसेल. आणि मग जेकबचा त्या तान्ह्या बाळाशी जन्माचा आत्मिक बंध जुळतो, त्याला इम्प्रिंटिंग म्हणतात, पुस्तक शंभरदा सांगतं की तसलं काही नाही, आत्ता तो फक्त मोठ्या भावासारखा आहे, पण ज्या गोष्टीचा इतका खुलासा करावा लागतो ती मुळात लिहावीच कशाला.

शेवटी इटलीचे बडे रक्तपिपासू, व्होल्टुरी, सैन्य घेऊन येतात, सगळे बर्फात समोरासमोर उभे, पानंच्या पानं तयारी, आणि मग बोलतात आणि घरी जातात. एवढंच. आवडणारे म्हणतात हिंसेशिवाय सुटलं हेच सुंदर. मी म्हणते बेलाला काही गमवावंच लागलं नाही, नवरा, मुलगी, अमरत्व, सौंदर्य, बाप पण भेटायला येतो, मग चार पुस्तकं एडवर्ड कशाची भीती घालत होता?

सिनेमे बघून चालेल का?

पहिला नक्की बघा. २००८ चा, कॅथरीन हार्डविकचा, ३ कोटी ७० लाख डॉलरमध्ये केलेला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबाने स्वस्तातला. निळसर रंग, ओली झाडं, सगळ्यांचे अवघडलेले चेहरे, आणि वादळात रक्तपिपासूंचं बेसबॉल. क्रिस्टन स्टुअर्ट तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून जग हसलं पण सतरा वर्षांची लाजरी मुलगी तशीच बोलते. पुढचे चारही पुरुष दिग्दर्शकांनी केले, बजेट वाढलं, केसांचे विग बिघडले. पाचही मिळून तीनशे कोटी डॉलरच्या वर कमाई, आणि शेवटच्याला २०१३ मध्ये सगळ्यात वाईट सिनेमाचं रॅझी. शेवटच्या भागात पुस्तकात नसलेली मोठी लढाई दाखवलीय, मुंडकी उडतात, आणि मग कळतं ती फक्त भविष्य दिसणाऱ्या अ‍ॅलिसला दिसलेली शक्यता होती. आमच्या थिएटरात एक मुलगी रडत बाहेर निघालेली, तिला मैत्रिणीने ओढत परत आणली.

ज्यांना यांना अभिनय येत नाही असं अजून वाटतं त्यांच्यासाठी, स्टुअर्टला पुढे डायनाच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि पॅटिन्सन बॅटमॅन झाला.

मिडनाइट सन घेऊ का?

एडवर्डच्या तोंडून सांगितलेला पहिला भाग. २००८ मध्ये अर्धवट मसुदा इंटरनेटवर फुटला, मेयर वैतागली, काम थांबवलं, आणि पुस्तक आलं थेट ऑगस्ट २०२०, लॉकडाउनमध्ये. एडवर्डचं डोकं आतून बघायला मिळतं आणि ते खूप म्हणजे खूपच दमवणारं डोकं आहे, पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग मारून बेलाला कसं खायचं याचे हिशोब करतो. मूळ पुस्तक आवडलं असेल तरच घ्या. नेटफ्लिक्सने त्यावर अ‍ॅनिमेशन मालिका करणार असं २०२४ मध्ये जाहीर केलंय.

मुलगी तेरा वर्षांची आहे, वाचू देऊ का? (वहिनी, हे तुमच्यासाठी)

वहिनी, पहिले दोन द्या. लग्नाआधी काही होत नाही, मेयर मॉर्मन पंथाची आहे आणि ते दिसतं, चौथ्यात पण दार बंद होतं आणि सकाळ होते. तरी अमेरिकेत २००९ आणि २०१० मध्ये लायब्ररीतून काढा म्हणून सर्वात जास्त तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या पहिल्या दहांत ही मालिका होती. मला भीती त्या दृश्यांची नाही, ते बाळंतपणाचं प्रकरण मात्र थोडं थांबून द्या. आणि ती वाचत असताना मधेच विचारा, तुझ्या वर्गातला एखादा मुलगा असा खिडकीतून आला तर काय करशील. भाषण नको द्यायला, नुसतं विचारा, आणि उत्तर ऐकून हसू नका.

मुलींना आवडतं म्हणूनच लोक हसतात, असं म्हणायचंय का तुला?

थोडंफार हो. आमच्या कॉलेजात गाड्या हवेत उडवणारे सिनेमे बघून आलेल्या मुलांना कुणी कधी विचारलं नाही की यात लॉजिक कुठे आहे. मुली पुस्तक घेऊन बसल्या की लगेच सगळे समीक्षक. पण याचा उलटा फायदा पण नको घ्यायला, म्हणजे टीका केली की तू बायकांच्या विरोधात. वर जे आक्षेप लिहिलेत ते मी बाई म्हणून आणि ही पुस्तकं प्रेमाने वाचलेली बाई म्हणून लिहिलेत. जो न वाचताच चमकण्यावर विनोद करतो त्याच्याशी मी आता वाद घालत नाही, त्याला डबा संपव म्हणते.

आपल्याकडे याचं काही आलं का?

आलं की! २०१० मध्ये स्टार वनवर बालाजीची प्यार की ये एक कहानी, विवियन डिसेना रक्तपिपासू, सुकीर्ती कांडपाल हिरोइन, ट्वायलाइटची छाया लगेच ओळखू येणारी. तो नुसता रोखून बघायचा आणि मागे म्युझिक, आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूमला जागा मिळायची नाही. इंग्रजी न वाचणाऱ्या कितीतरी मुलींची ट्वायलाइट म्हणजे हीच. आणि परदेशात फिफ्टी शेड्स नावाचं जे प्रकरण झालं ते मुळात ट्वायलाइटवरचं फॅनफिक्शनच, म्हणजे तीच पात्रं घेऊन चाहतीने लिहिलेली गोष्ट, नंतर नावं बदलली. त्याबद्दल मला विचारू नका, वहिनी वाचतायत.

फोर्क्सला जायचं म्हणतेय, खरंच तसं आहे का?

मी गेलेले नाही, सिअ‍ॅटलला असलेली चुलत बहीण जाऊन आली. लाकूडतोडीवर उभं राहिलेलं साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. मेयरने तिथे पाऊल न ठेवताच, अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो हे इंटरनेटवर शोधून ते निवडलं. वर्षाला शंभर इंचांहून जास्त पडतो, आंबोली-महाबळेश्वरवाल्यांनी हसू नये, तिथे तो आपल्यासारखा चार महिन्यांत धो धो उरकत नाही, ढग मुक्कामालाच असतात. बेलाच्या गाडीसारखी जुनी लाल शेवरोले उभी करून ठेवलीय, फोटो काढा. बेलाचा वाढदिवस १३ सप्टेंबर, त्या सुमारास उत्सव असतो. सिनेमाचं शूटिंग मात्र तिथे शोधू नका, बेलाचं घर ओरेगॉनमध्ये आहे. आणि ला पुशला गेलात तर ते लोकांचं राहतं गाव आहे हे लक्षात ठेवा, लांडगे कुठेयत म्हणून विचारू नका, विचारतात म्हणे.

तू अजून वाचतेस?

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पहिला भाग काढते आणि बेसबॉलपर्यंत वाचून ठेवून देते. न्यू मूनची ती फूटपाथवाली कॉपी अजून आहे, चार महिन्यांची पानं सुटी झालीत पण त्यावर तसंही काही नाही, हरवली तर मी पुन्हा लिहून काढेन. चौथा भाग कुणाला हवा असेल तर घेऊन जा, परत आणायची गरज नाही.